मनाच्या वाटा – लेखांक ७ : आंब्याची पेटी घ्यावी का?

उपचार घेणारा माणूस थेरपिस्टमध्ये कधी आई शोधतो, कधी बाप, कधी प्रियकर, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. फ्रॉइडने १९१५च्या निबंधात या भावनेला खोटं ठरवलं नाही. मात्र थेरपिस्टने तिला प्रतिसाद द्यायचा नाही, हे त्याने निक्षून सांगितलं. युरोपातल्या त्याच्या उपचाराच्या खोलीत माणसं दोनच होती. आपल्याकडे हा नियम पाळायचा कसा?

लखनौच्या लालबागेत ‘नूर मंझिल’ हे मानसोपचार केंद्र आहे. अमेरिकन मेथडिस्ट धर्मप्रचारक ई. स्टॅन्ली जोन्स यांनी ते १९५० साली सुरू केलं. भारतातल्या सुरुवातीच्या वर्षांत जोन्स स्वतःच मनाने पुन्हा पुन्हा कोलमडले होते, त्यामुळे रुग्णांबद्दलचा त्यांचा कळवळा अनुभवातून आलेला होता. १९५६मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ एर्ना होख तिथे आल्या. मनोविकारतज्ज्ञ मेडार्ड बॉस यांच्या विचारपरंपरेत त्या घडलेल्या. पुढे सुमारे तीन दशकं त्या भारतात राहिल्या आणि मनाविषयी इथले प्राचीन ग्रंथ काय सांगतात, याचा शोध घेत राहिल्या. त्या ज्या युरोपातून आल्या, तिथली ठरलेली वेळ, बंद दार, खोलीत दोघंच ही चौकट भारतात जशीच्या तशी बसत नाही. रुग्णासोबत आई येते, मोठा भाऊ येतो, मामा येतो. डॉक्टर प्रश्न रुग्णाला विचारतात आणि उत्तर भाऊ देतो.

समजा, जून महिना आहे. मलिहाबादचा दशहरी आंबा बाजारात आलाय. सहा महिने खोलीबाहेर न पडलेली मुलगी पुन्हा कॉलेजला जाऊ लागलीय आणि तिचे वडील पेटी घेऊन दवाखान्याच्या दारात उभे आहेत. ‘डॉक्टर साहब, अपने बाग़ के हैं.’ नको म्हणावं तर भल्या माणसाचा अपमान, आणि लखनौसारख्या शहरात तो सहजी विसरलाही जात नाही. माझ्या मते पेटी घ्यावी, आभार मानावेत, आंबे कर्मचाऱ्यांत वाटून टाकावेत. खरं काम पुढच्या भेटीत आहे. मुलीला विचारावं, बाबांनी आंबे आणले तेव्हा तुला काय वाटलं? ती म्हणू शकते, ‘वाटलं, आता तुम्हीही त्यांच्याच बाजूचे.’ मग कळतं, की वडिलांची ती साधी कृतज्ञता मुलीच्या मनात वेगळाच हिशेब मांडून गेली होती. तो उघड बोलला गेला नसता, तर पेटी बाधली असती.

गुथाइल आणि गॅबार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९३मध्ये याबाबत एक उपयोगी फरक केला. थेरपिस्ट-रुग्ण नात्यातली सीमा ओलांडली जाणं वेगळं आणि त्या सीमेचा भंग वेगळा. पहिल्यात इजा नसते, कधी मदतही होते, आणि त्यावर मोकळेपणाने बोलता येतं. दुसऱ्यात रुग्णाचा वापर होतो. पण एकातून दुसऱ्यात घसरणं सोपं असतं. एकाच रुग्णाला रोज शेवटची वेळ दिली जाते. तास संपला तरी गप्पा चालू राहतात. फी राहू दे म्हटलं जातं. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ‘झोपलात का?’ येतं आणि मग एके दिवशी थेरपिस्ट आपल्या मोडत्या संसाराबद्दल सांगू लागतो. आता रुग्णच त्याची समजूत काढतोय. शरीराला स्पर्शही झालेला नाही, तरी माझ्या लेखी उपचार इथेच संपले.

डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३मध्ये गुरू-चेला नात्याचा नमुना मानसोपचारासाठी सुचवला. पुढे चंडीगढच्या पीजीआयचे संचालक झालेले हे मानसोपचारतज्ज्ञ पंजाबीतले मोठे कवीही होते. भारतीय माणसाला कुणावर तरी विसंबावंसं वाटणं हा काही आजार नव्हे, हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. आपल्या रुग्णाला थंड, तटस्थ चेहरा दाखवून काही साधत नाही. पण गुरूच चुकला तर चेल्याने जायचं कुणाकडे? बाबा-बुवांच्या बंद दारामागे काय घडतं, हे महाराष्ट्राने कितीदा तरी पाहिलंय. जवळीक जरूर असावी, पण त्या जवळिकीचा जाब विचारणारं कुणीतरी खोलीबाहेर असलं पाहिजे. ज्येष्ठ सहकाऱ्याला जे सांगता येणार नाही, ते थेरपिस्टने करूच नये.

असा जाब विचारायची सोय आपल्याकडे अर्धीमुर्धीच आहे. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाशी गैरवर्तन करणाऱ्या डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पण नुसती ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांना वर्षानुवर्षं कुठलीच नोंदणी लागत नव्हती. मानसिक आरोग्यातल्या अशा अनेक व्यवसायांना कक्षेत घेणारा कायदा आला तो २०२१मध्ये.

म्हणून पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या. तुमची नोंदणी कुठे आहे? ठरलेल्या वेळेबाहेर फोन केला तर चालेल का? आणि घरच्यांनी माझ्याबद्दल विचारलं, तर त्यांना काय सांगाल? या प्रश्नांनी थेरपिस्ट चिडला, तर दुसरा शोधा. घरच्यांना किती सांगायचं, या तिसऱ्या प्रश्नावर पुढच्या आठवड्यात सविस्तर बोलू.