लांबट, अंधारा हॉल : खिडकीचा उजेड कोणाला?

दार उघडलं की समोर बोगदा आणि पार टोकाला एकच खिडकी. 10 फूट रुंद, 22 फूट लांब असा हॉल तुमचाही आहे का? मग बहुतेक खिडकीपाशी टीव्ही आणि पाहुण्यांचा सोफा असेल आणि मुलं दाराजवळ भरदुपारी ट्यूबलाइट लावून अभ्यास करत असतील. रंगरंगोटीच्या आधी ही अदलाबदल करा.

खिडकीजवळची जागा घरच्यांना द्या. तिथे आजीची खुर्ची आणि मुलांचं टेबल ठेवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे खिडकी आली की वहीवर हाताची सावली पडत नाही. टीव्ही आणि सोफा आतल्या बाजूला न्या. तिथे टीव्हीवर खिडकीची चमकही कमी येईल.

सगळं सामान भिंतीला रांगेने लावू नका, स्टेशनवरची वेटिंग रूम वाटते. दोन भागांमध्ये कमरेएवढं पुस्तकांचं कपाट आडवं ठेवा आणि एका बाजूने 3 फुटांची वाट सोडा. उंच पार्टिशन मात्र नकोच, आहे तो उजेडही अडेल.

पडद्याचा रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना 6-8 इंच जास्त घ्या, म्हणजे पडदे सारल्यावर काच पूर्ण मोकळी होते. आरसा खिडकीलगतच्या लांब भिंतीवर लावा. अंधाऱ्या कोपऱ्यासमोर लावलात तर त्यात अंधारच दिसेल. आतल्या भागात छताला एकच प्रखर दिवा लावण्यापेक्षा 3000 केल्विनचे दोन-तीन दिवे वेगवेगळ्या जागी लावा.

आणि पाहुणे? ते बहुधा संध्याकाळीच येतात. तेव्हा दिवे लागलेलेच असतात.