राज्य आपल्याला पाहतं, राज्याला कोण पाहतं?

एस्टोनिया म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा जेमतेम १३ लाख वस्तीचा देश. १९९१ मध्ये सोव्हिएत राजवटीतून सुटला. २००१ मध्ये तिथे ‘एक्स-रोड’ ही व्यवस्था सुरू झाली. तिच्यात सगळी माहिती एका कोठारात भरत नाहीत. प्रत्येक खात्याची नोंद त्या खात्यापाशीच राहते. दुसऱ्याला लागली तर तेवढीच मागायची, आणि मागितल्याचीही नोंद होते. आपली माहिती कोणी पाहिली, हे नागरिकाला बऱ्याच बाबतींत स्वतः तपासता येतं.

आता बघा, यात तत्त्वज्ञान कुठे आलं? पाळत ठेवणारी सत्ता माणसाला पाहते. माणसाला मात्र ती दिसत नाही. इथे नजर उलटीही वळते.

अर्थात, यंत्र चुकतंच. २०१७ मध्ये तिथल्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला. सरकारने तो लपवला नाही. आधी जाहीर केला, मग त्या कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रं स्थगित केली.

म्हणून मी म्हणतो, विश्वास म्हणजे डोळे मिटणं नव्हे. तपासून पाहण्याची सोय असली, तरच तो विश्वास. नसली, तर ती नुसती श्रद्धा. आणि सरकारवर श्रद्धा ठेवू नये.