चिलखत कुणाच्या मापाचं?

आमच्या शेंद्र्यातल्या शिवणवर्गात परवा ब्लाऊजचे टक्स शिकवत होते. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी मध्येच म्हणाली, "ताई, बुलेटप्रूफ जॅकेटलाही टक्स असतात का हो?" सगळ्या खो खो हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

मैत्रिणींनो, बुलेटप्रूफ जॅकेट म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते हेमंत करकरे. 26 नोव्हेंबर 2008 च्या त्या रात्री हेल्मेट आणि जॅकेट चढवताना टीव्हीवर आपण त्यांना पाहिलं, आणि थोड्याच वेळात ते गेल्याची बातमी आली. त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी पुढे माहितीच्या अधिकारात त्या जॅकेटची चौकशी केली, तर कळलं की जॅकेटच हरवलंय! गोळ्या मान आणि खांद्याच्या मध्ये लागल्या होत्या. जॅकेट बरं होतं की वाईट, हे तपासायला ते हाती तरी हवं ना? त्या बाईंनी प्रश्न विचारणं सोडलं नाही. 2014 मध्ये त्याही गेल्या.

या जॅकेटचं मूळ कापडातच आहे, आणि ते एका बाईच्या हातून आलंय. स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी 1965 मध्ये केव्हलारचा धागा शोधला. वजनाच्या मानाने पोलादाहून पाचपट बळकट. या कापडाचे थरावर थर पिस्तुलाची गोळी झेलतात. रायफलीच्या गोळीपुढे मात्र ते पुरत नाहीत. त्यासाठी आत बोरॉन कार्बाइडसारख्या सिरॅमिकची ताटली बसवतात. ती गोळीचं टोक मोडते, आणि मागचा थर उरलेले तुकडे अडवतो. एवढं करूनही आतल्या माणसाला धक्का बसतोच. गोळी अडली तरी बरगडी मोडू शकते.

मेजर अनुप मिश्रा यांनी हे स्वतः भोगलं. काश्मीरमध्ये त्यांच्या जॅकेटवर गोळी लागली. ती आरपार गेली नाही, पण मार बसलाच. नंतर पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंगमध्ये त्यांनी 'सर्वत्र' नावाचं, सगळं अंग झाकणारं चिलखत तयार केलं. त्याबद्दल डिसेंबर 2019 मध्ये लष्करप्रमुखांनी त्यांचा गौरव केला. नाव वाचलं आणि मला ती मान-खांद्यामधली जागा आठवली.

अंग जास्त झाकायचं तर वजन वाढतं, आणि जवान दमला तर चिलखताचा काय उपयोग? म्हणून आता सगळी धडपड वजनाची आहे. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने 2024 मध्ये 'अभेद' जॅकेट दाखवलं, त्याचं कमीत कमी वजन 8.2 किलो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. छातीवरची ताटली सपाट आणि कडक. ती बाईच्या अंगावर नीट बसत नाही, मुंढ्याशी फट राहते, वाकताना टोचते. जिथे फट तिथे गोळीला वाट. अमेरिकेच्या लष्करालासुद्धा बायकांच्या मापाचं चिलखत सुचायला 2012 उजाडलं. मेजर मिश्रांनी पुढे 'शक्ती' हे पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही घालता येईल असं जॅकेट केलं. आपल्या राज्यात पोलीस भरतीत 30 टक्के जागा मुलींच्या आहेत. मग जॅकेटची खरेदी करताना त्यांचं माप कोण घेतं?

मी त्या मुलीला एवढंच म्हटलं, टक्स नसतात गं, पण हवेत. तिने कोपऱ्यातला दळणाचा डबा काट्यावर ठेवला. आठ किलोला थोडं कमी भरलं. डबा पोटाशी धरून ती वर्गाभोवती दोन फेऱ्या पळाली आणि धापा टाकत म्हणाली, "ताई, भरतीला आठशे मीटर पळायचंय... हे घेऊन नाही, नशीब!"