सिंथेटिक इंजिन ऑइल किती काळ टिकते?

इंजिन ऑइल म्हणजे मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रसायने, म्हणजेच ॲडिटिव्ह्ज. खनिज ऑइलचे मूळ तेल कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते आणि त्यात लहानमोठे, नाना आकारांचे रेणू असतात. सिंथेटिक तेलाचे रेणू रासायनिक प्रक्रियेने जवळपास सारखे घडवलेले असतात. त्यामुळे हे तेल तापल्यावर कमी उडते, हवेतील ऑक्सिजनमुळे लवकर घट्ट होत नाही आणि कडाक्याच्या थंडीतही वाहते राहते.

मूळ तेल टिकाऊ असले, तरी ॲडिटिव्ह्ज कामी येता येताच संपत जातात. इंधन जळताना तयार होणारी आम्ले मारणे, काजळी तेलात तरंगती ठेवणे आणि धातूची झीज रोखणे ही त्यांची कामे. शिवाय धूळ, पाण्याचा अंश आणि न जळलेले इंधन तेलात मिसळतच राहते. म्हणून सिंथेटिक तेलही कायमचे नसते.

भारतातील अनेक पेट्रोल गाड्यांसाठी उत्पादक १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतील जे आधी येईल ते, अशी मुदत देतात. काही युरोपीय गाड्यांसाठी ती १५,००० किलोमीटर असते. युरोपात ठरावीक गाड्या आणि ठरावीक तेल असल्यास ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंतची मुदतही दिली जाते. ‘ॲमसॉइल’ या अमेरिकी कंपनीने तर १९७२ मध्येच २५,००० मैल चालणारे सिंथेटिक तेल म्हणून आपल्या तेलाची जाहिरात केली होती.

हे आकडे साध्या वापराचे. शहरात ताशी सरासरी २० किलोमीटरने चालणाऱ्या गाडीचे इंजिन १०,००० किलोमीटरसाठी ५०० तास फिरते. महामार्गावर ताशी ६० किलोमीटरने तेवढ्याच अंतराला १६७ तास पुरतात. मीटरवर आकडा एकच, पण तेलाने सोसलेले काम तिप्पट. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे तेलातले पाणी आणि इंधन उडून जात नाही. धुळीचे रस्ते, घाट आणि जड ओझे यांनीही आयुष्य घटते. अशा वापरासाठी अनेक मॅन्युअलमध्ये वेगळी, कमी मुदत छापलेली असते. गाडी फारशी चालली नाही तरी वर्षाची अट लागू राहते, ती याच ओलाव्यामुळे आणि आम्लांमुळे.

तेल काळे पडले म्हणजे ते संपले, हा समज चुकीचा आहे. काजळी तेलात तरंगती राहिली की रंग बदलतोच. ते तेल काम करत असल्याचेच लक्षण. खरी स्थिती प्रयोगशाळेतील तपासणीत कळते. तेथे तेलातील लोखंड, धूळ आणि उरलेली आम्लरोधक शक्ती मोजतात. काही गाड्यांतील संगणक इंजिनाचे फेरे आणि तापमान यांवरून उरलेले आयुष्य काढतो.

सिंथेटिक तेल भरले म्हणून मॅन्युअलमधील मुदत आपल्या मनाने वाढवू नये. मुदतीच्या मधल्या काळात डिपस्टिकने पातळी पाहत राहावी आणि तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. वेळेवरच्या तेलाचा खर्च इंजिनाच्या दुरुस्तीपुढे किरकोळ असतो.