उन्हाळ्यातील दुचाकीस्वाराचा पोशाख

छत्तीसगढमध्ये ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. रायपूरच्या जुन्या भागातील ब्राह्मणपारा हा असाच एक मोहल्ला आहे. मे महिन्यात मात्र तेथील रहिवाशांचे लक्ष तापमापकातील पाऱ्याकडे असते. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की ‘नवतपा’ सुरू होतो आणि तापमान अनेकदा ४३-४४ अंशांपर्यंत चढते. अशा दुपारीही आझाद चौकाकडून दुचाकीस्वार ये-जा करीतच असतात. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायांत चपला आणि तोंडाभोवती गमछा, असा त्यांचा सर्वसाधारण वेश असतो. गमछा ऊन आणि धूळ अडवतो. पडल्यावर मात्र त्याचा उपयोग नाही.

वाहनावरून पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो. त्यामुळे प्रथम तळवे सोलवटतात. मग गुडघे, कोपर, खांदे आणि कंबर रस्त्यावर घासली जातात. पातळ सुती कापड क्षणात फाटते. पॉलिएस्टर तर घर्षणाच्या उष्णतेने वितळून कातडीला चिकटते.

तरीही, ‘एवढ्या उन्हात जाकीट कोण घालणार?’ हा प्रश्न गैरलागू नाही. उघड्या अंगाला वारा लागला की गार वाटते, हा नेहमीचा अनुभव आहे. पण त्याला मर्यादा आहे. माणसाच्या त्वचेचे तापमान सुमारे ३४-३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल, तर वारा शरीरातील उष्णता वाहून नेतो. हवाच ४३ अंशांची असेल, तर तोच वारा अंगात उष्णता भरतो. त्या वेळी शरीर थंड राहते ते केवळ घामाच्या बाष्पीभवनाने. कोरड्या झळांत घाम इतक्या वेगाने सुकतो की तो आल्याचेही कळत नाही आणि शरीरातील पाणी कमी होत जाते.

घरातील कूलर हेच तत्त्व वापरतो. त्याची जाळी ओली असेल, तर आत गार हवा येते. कोरडी असेल, तर कूलर नुसत्या झळा फेकतो. म्हणून नवतपात सुती बनियन भिजवून, पिळून घालावी आणि वर जाकीट चढवून त्याची चेन गळ्याजवळ थोडी उघडी ठेवावी. आत थोडाच वारा शिरतो, बनियन सावकाश सुकते आणि अंग गार राहते. श्रावणात हा हिशेब उलटतो. हवा तीसेक अंशांची, पण दमट असते. ओले कापड सुकत नाही. तेव्हा भरपूर वारा आत घेणारे जाळीचे जाकीट सोयीचे ठरते. ज्याला एकच जाकीट घ्यायचे आहे, त्याने जाळीचे, पण आतून वारा अडवणारे अस्तर लावता-काढता येईल असे घ्यावे.

जाळी छातीवर आणि बाह्यांच्या आतल्या बाजूस असावी. खांदे व कोपर यांवर जाड नायलॉनच हवे. आतील पॅडवर ईएन १६२१ या युरोपीय मानकाचा शिक्का पाहावा. पुष्कळ जाकिटांत पाठीला नुसता स्पंजचा तुकडा असतो, तो संरक्षण देत नाही. जाकीट घालून दुकानाबाहेरील आपल्याच गाडीवर बसावे आणि हँडल धरावे. कोपराचे पॅड सरकले, तर ते जाकीट कितीही देखणे असले तरी आपले नव्हे. रंग फिकट असावा. काळा रंग ऊन शोषतो.

सगळे एकदम घेणे बहुतेकांना परवडत नाही. हेल्मेटला पर्याय नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार ते सक्तीचे आहे आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह असलेलीच हेल्मेटे विकण्यास परवानगी आहे. त्याखालोखाल तळवे झाकणारे हातमोजे व घोटा झाकणारे बूट घ्यावेत. जाकीट नंतर घेतले तरी चालेल. मागे बसणाऱ्या स्त्रीने साडीचा पदर वा ओढणी खोचून घ्यावी. चाकाजवळची साडीगार्ड नियमानुसार बसवलेली असते. ती काढून टाकू नये.

निघण्यापूर्वी तहान नसली तरी पाणी प्यावे. गमछाही टाकून द्यायला नको. तो भिजवून गळ्याभोवती गुंडाळावा आणि त्याची टोके जाकिटाच्या आत खोचावीत, म्हणजे ती वाऱ्यावर उडून चाकात अडकत नाहीत.