पेटीतला आंबा : सजीव की निर्जीव?

श्वसन, पोषण, वाढ, उत्सर्जन, हालचाल, चेतनाक्षमता आणि प्रजनन ही सजीवांची लक्षणे आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहेत. वाणिज्य शाखेत आल्यावर हा विषय कायमचा सुटला असे मला वाटले होते. परंतु हिशेबशास्त्राने तो पुन्हा समोर आणला.

भारतीय लेखा मानक ४१ प्रमाणे झाडावर वाढणारा आंबा ही 'जैविक मालमत्ता', म्हणजे सजीव. तोडल्यावर मात्र तो मालसाठ्यात जमा होतो. वर्षानुवर्षे फळ देणारे झाड तर मानक १६ प्रमाणे यंत्रे व इमारती यांच्या पंक्तीत बसते! हिशेबाला हे सोयीचे आहे. पण तोडताक्षणी आंबा खरोखर निर्जीव होतो काय?

आमच्या दिलसुखनगरला लागून गड्डीअन्नारमचा मोठा फळबाजार होता. पुढे तो बाटासिंगारमला हलला. तिथली पेटी असो वा घरची आढी, रचलेल्या आंब्यांत ऊब धरते. ही ऊब श्वसनाची. तोडलेल्या फळाच्या पेशी प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतात. फळातून इथिलीन वायू निघतो. त्यामुळे शेजारचा कच्चा आंबाही पिकू लागतो. झाडाकडून मिळणारे अन्न तेवढे थांबलेले असते. आंबा जणू बरोबर आणलेल्या शिदोरीवर जगतो.

कोणी म्हणेल, मेणबत्तीही प्राणवायू घेते, मिठाचा स्फटिकही वाढतो. खरे आहे. उलट खेचराला सहसा पिल्लू होत नाही, तरी ते सजीवच. म्हणून एकाच लक्षणावर निकाल देता येत नाही. सजीव पेशींचा बनलेला असतो, आणि त्या पेशी आपले व्यवहार स्वतः नियंत्रित करतात. मेणबत्तीला हे साधत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. श्वसनाने आणि पाणी उडाल्याने आंब्याचे वजन घटते. ती घट चोरी नव्हे, पण कोणाच्या तरी माथी बसतेच, बहुधा शेतकऱ्याच्या. फार थंडीत दगडाला काही होत नाही, आंब्याच्या पेशी मात्र बिघडतात. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास बंदी आहे. ठरलेल्या मर्यादेत इथिलीन वायू चालतो, कारण ती फळाची स्वतःचीच खूण आहे.

आंबा खाऊन झाला की आमच्या खातेवहीत तो संपतो. ओल्या मातीत टाकलेली ताजी कोय मात्र हा हिशेब मानत नाही.