पुंगळीच्या गळ्याची पकड

ज्याच्याकडे थर्टी-थर्टी काडतुसाची लिव्हर रायफल आहे, त्याने क्रिम्प डाय घ्यावी. ज्याच्याकडे बोल्टची रायफल आहे आणि जो कागदावरच्या टार्गेटवर नेम धरतो, त्याला ती बहुतेक लागणार नाही. माझं मत एवढंच आहे, पण त्यामागचं कारण समजून घेतल्याशिवाय ते कुणी मानू नये.

मी मूळचा पिंपरीचा. उमेदीची वर्षं टूलरूममध्ये डाया आणि फिक्श्चरं करण्यात गेली. आता मिलवॉकीत राहतो. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो, आणि त्याच्या आधी आमच्या भागातल्या गॅरेजांमधून काडतुसं भरण्याचे प्रेस चालू झालेले असतात. भारतात दारूगोळा बनवायला १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. इथे स्वतःपुरती काडतुसं भरणं हा लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा छंद आहे.

बार उडाला की पितळी पुंगळी फुगते. ती डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाला नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची आणि वरून गोळी दाबून बसवायची. या सगळ्यात गळ्याचं माप महत्त्वाचं. गळा आतून गोळीपेक्षा साधारण दोन थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.०५ मिलिमीटर, लहान ठेवलेला असतो. गोळी आत शिरताना तो ताणला जातो आणि तिला घट्ट धरतो. क्रिम्प म्हणजे त्यावरचा जादा बंदोबस्त: पुंगळीचं तोंड गोळीवर आणखी दाबायचं.

हा बंदोबस्त कुठे लागतो? विंचेस्टरची १८९४ची लिव्हर रायफल घ्या. तिची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात. प्रत्येकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. (टोकदार गोळी पुढच्या टोपीवर आपटून बार उडू नये, म्हणून या रायफलीच्या गोळ्यांची नाकं चपटी असतात.) पुढून स्प्रिंग मागे रेटते, प्रत्येक बाराला धक्का बसतो, आणि या दाबाने गोळी हळूहळू पुंगळीत मागे सरकू शकते. आतली जागा कमी झाली की तेवढीच दारू जास्त दाब निर्माण करते. म्हणून या गोळ्यांच्या अंगावर मुद्दाम एक खाच पाडलेली असते आणि पुंगळीचं तोंड त्या खाचेत वळवतात. चारशे अठ्ठावन्न विंचेस्टर मॅग्नमसारख्या जबर धक्क्याच्या काडतुसांचंही तेच. रायफल मागे येते, पेटीतली काडतुसं जागीच राहू बघतात आणि त्यांची नाकं पेटीच्या पुढच्या भिंतीवर आदळतात. आपोआप भरणाऱ्या रायफलीत तर प्रत्येक काडतूस चेंबरमध्ये आपटतच जातं.

तोंड आत वळवणारी जुनी पद्धत म्हणजे रोल क्रिम्प. ती पुंगळीच्या लांबीवर अवलंबून असते. थर्टी-थर्टीच्या पुंगळीची कमाल लांबी २.०३९ इंच. सगळ्या पुंगळ्या एका मापात कापल्या नाहीत, तर लांब पुंगळीचं तोंड गरजेपेक्षा जास्त वळतं आणि उरलेला जोर खाली खांद्यावर येतो. तिथला फुगवटा डोळ्याला दिसत नाही. नख फिरवलं तर लागतो. असं काडतूस चेंबरमध्ये जात नाही, आणि हे शिकारीला गेल्यावर कळतं. आमच्याच राज्यातल्या हार्टफर्डच्या ली प्रिसिजनची फॅक्टरी क्रिम्प डाय वेगळी चालते. तिच्यातला कॉलेट ड्रिलच्या चकासारखा चारी बाजूंनी मिटतो आणि तोंड बाजूने दाबतो. लांबीत थोडा फरक असला तरी गळा खाली रेटला जात नाही. टूलरूमचा माणूस म्हणून मला हे डिझाइन मनापासून आवडतं.

तरीही गळा सैल पडतो म्हणून क्रिम्प मारणाऱ्यांना मी थांबवतो. अंगठ्याने दाबून गोळी आत जात असेल, तर दोष गळ्याच्या मापात आहे. आतून गळा मोठा करणारा बोंडा जास्त मापाचा असेल, किंवा पितळ वारंवार दाबून कडक झालं असेल आणि दाबल्यावर पुन्हा उघडत असेल. त्यावर उपाय म्हणजे बोंडा बदलणं किंवा गळा तापवून मऊ करणं. वरून जोरात क्रिम्प मारला तर उलटंच होतं. गोळीतलं शिसं दबलेलं तसंच राहतं, पितळ मात्र थोडं मागे येतं, आणि होती ती पकडही जाते. शिवाय ज्या गोळीला खाच नाही, तिचं कवच चेपतं. मॅच शूटिंगच्या गोळ्या बहुधा बिनखाचेच्याच असतात.

आपल्या रायफलीला क्रिम्प लागतो का, हे तपासता येतं. एका काडतुसाची लांबी व्हर्निअरने मोजून त्यावर खूण करायची, ते मॅगझिनमध्ये ठेवायचं, वरची बाकीची उडवायची आणि ते बाहेर काढून पुन्हा मोजायचं. माझ्या थ्री-ओ-एट बोल्ट रायफलीत क्रिम्प नसतानाही माप हलत नाही. म्हणून मी तिची काडतुसं क्रिम्प करत नाही. थर्टी-थर्टीची मात्र एकही तशी सोडत नाही.

क्रिम्पने नेम सुधारतो असं सांगणारे भेटतात, आणि काही रायफलींत तसं होतही असेल. ते आपापल्या टार्गेटवर पाहावं. क्रिम्प सुरू केला, बंद केला किंवा जास्त घट्ट केला, तर दाबही बदलतो. तेव्हा दारूचं माप मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यावर आणून पुन्हा हळूहळू चढवायचं. माझ्या वहीत दारूचं वजन आणि एकूण लांबी यांच्या शेजारी क्रिम्पचा वेगळा रकाना आहे. डाय किती फेरे खाली घेतली, ते मी त्यात प्रत्येक वेळी लिहितो.